राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे आपल्या गल्लीत किती?

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं भेटल्यावर 'जेवलास का' च्या आधी 'पाणी किती' विचारतात. "किती?" "साडेअडतीस." एवढ्यावर बोलणं संपतं आणि दोघंही आपापल्या वाटेने जातात. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तपशील येतो : राजाराम बंधारा ३९ फूट, राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले, विसर्ग इतके क्युसेक, इतके बंधारे पाण्याखाली. मग पुण्याहून भाच्याचा फोन : "मामा, घाबरायचं का?" आणि खरं सांगायचं तर मामालाही ते नक्की माहीत नसतं.

माझी मावशी पंचगंगेकाठच्या एका गावात राहते. तिच्या सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. रंगकाम झालं तरी तेवढी रेघ मावशीने राखून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'पाणी यायचं तर रेघेपर्यंत येईल' या हिशेबाने धान्याची पोती रेघेच्या वर हातभर उंचीच्या फळीवर ठेवली आणि घरातली माणसं माडीवर गेली. पाणी फळी ओलांडून वर गेलं. माणसं वाचली, पण दोरी, ट्रॅक्टरची ट्यूब आणि शेजारची दोन पोरं यांच्या जिवावर. त्या सगळ्या दिवसांत बातम्या चालूच होत्या, आकडे येतच होते. त्यातला एकही आकडा 'मावशी, आता उठा' असं सांगत नव्हता.

ते सांगणारी गोष्ट म्हणजे गावाचा आपत्ती आराखडा. शब्द सरकारी आणि कोरडा आहे, त्यामुळे लोक तिथेच वाचायचं सोडतात. म्हणून आधी आकड्यांकडे बघू.

फूट, क्युसेक, टीएमसी

राजाराम बंधारा कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर आहे. तिथे पाण्याची उंची मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, म्हणजे सावध व्हा, आवराआवर सुरू करा. ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. सांगलीचे फूट आणि कोल्हापूरचे फूट यांची तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडची शून्याची खूण वेगळी.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. सेकंदाला दोन घागरी म्हणा. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला ओतले जाताहेत असं डोळ्यांपुढे आणा. हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. कोणी अधिकारी बटण दाबत नाही, त्यामुळे 'उद्या सकाळी सोडा' असं कोणाला सांगायची सोयही नाही.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं आहे, यावरून त्याचा आवाका कळेल.

आता खरी गुंतागुंत. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. एका वाड्यात दोन बिऱ्हाडांच्या मोऱ्या एकाच गटाराला जोडलेल्या असतात, तसं समजा. शेजारच्याने पिंप उपडं केलं की आपल्या मोरीतलं पाणी पुढे जायचं थांबतं आणि उलटं फिरून न्हाणीत येतं. कृष्णा फुगलेली असेल तेव्हा पंचगंगेचं हेच होतं. पाणी तटून राहतं, पाऊस थांबला तरी उतरत नाही. म्हणून राजारामचा आकडा एकटा पुरत नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांनी सांगलीचाही आकडा बघायला हवा. (पुढे कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय इथे मुद्दाम काढत नाही. तो निघाला की चहा संपतो आणि पाणी तेवढंच राहतं.)

'शंभर वर्षांतला पूर' दोन वर्षांत परत कसा आला?

पाटबंधारे खातं नदीकाठाला दोन रेषा आखतं. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी जितका घोटाळा केला आहे तितका अफवांनीही केला नसेल. 'शंभर वर्षांतला पूर २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू' असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. २०२१ च्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पुन्हा ५५ फूट ओलांडले.

'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. फाशाला मागचं दान आठवत नसतं. आत्ता सहा पडले म्हणून पुढच्या खेपेला सहा पडणार नाहीत असं तो लिहून देत नाही. हिशेब करून बघा : लाल रेषेवर घर असेल तर तीस वर्षांत एकदा तरी तिथवर पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. निळ्या रेषेवर असेल तर पंचवीस वर्षांत सुमारे ६४ टक्के. आणि हा हिशेब पाऊस पूर्वीसारखाच पडतोय असं धरून केलेला आहे.

बोटी येईपर्यंत

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार देशपातळीवरच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांनाही त्यात आपली माणसं आणि साधनं तयार ठेवायची जबाबदारी दिली आहे, पण ते कलम कोणी फारसं वाचत नाही. बचावासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे नारिंगी गणवेशातले एनडीआरएफचे जवान. (एसडीआरएफ हा शब्द मात्र जपून वाचा. राज्याच्या बचाव दलालाही एसडीआरएफ म्हणतात आणि मदत जिथून मिळते त्या राज्याच्या निधीलाही. 'एसडीआरएफ आलं' म्हणजे माणसं आली की पैसे, हे बातमी पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.)

एनडीआरएफची आपल्याकडची बटालियन पुण्याजवळ आहे. एका बटालियनमध्ये १८ पथकं, एका पथकात ४५ जण. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत. २०१९ मध्ये एकाच वेळी कोल्हापूर, सांगली आणि सातारा पाण्यात होते आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता. जवान कितीही तयारीचे असले तरी त्यांनी यायचं कुठून?

डोंगरात तर आणखी वाईट. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, ते बाहेरच्या जगाला कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या रस्त्याने बस घेऊन गेला तर गाव जागेवर नव्हतं. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा बचाव पथकांना पायी डोंगर चढावा लागला; यंत्रं वर नेताच येईनात. १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. त्या अंधारात ढिगाऱ्याला पहिला हात लावला तो शेजाऱ्याने किंवा पोटच्या पोराने.

मदत उशिरा येते ही तक्रार रास्तच आहे. पण ती वेळेवर आली तरी मधले काही तास गावाचेच असतात. त्या तासांत कोणी काय करायचं हे आधी ठरवलेलं असणं, एवढाच आराखड्याचा अर्थ.

जत्रेचं जमतं, मग हे का नाही?

बहुतेक ग्रामपंचायतींत आराखड्याची फाइल असते. मी पाहिलेल्या एका फाइलीत मागच्या मागच्या सरपंचांचा मोबाइल नंबर होता आणि 'उपलब्ध साधने' या रकान्यात 'बॅटरी – १'. त्या गावात तेव्हा चाळीसेक ट्रॅक्टर असतील. फाइलीत एकही नव्हता.

तेच गाव जत्रा कशी करतं बघा. मांडव कोणाकडे, पाण्याचा टँकर कोण आणणार, आचाऱ्याला विसार कोण देणार, पंगतीत भात कोण वाढणार, भांडणं झाली तर मध्ये कोण पडणार. कोणाला काही विचारावं लागत नाही. एक माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हेही ठरलेलं. हे जमतं, कारण दर वर्षी करतो. आपत्तीच्या तयारीच्या सरावाला इंग्रजीतून आलेला शब्द मॉक ड्रिल, आपल्याकडे रंगीत तालीम म्हणतात. कोल्हापुरात तालमींना तोटा नाही. पूर आला की पेठापेठांतल्या तालमींची पोरं मदतीला धावतात हे २०१९ ला सगळ्यांनी पाहिलं. वर्षातून एक रविवार रंगीत तालमीला काढणं तेवढं राहिलंय.

फुटांच्या पायऱ्या करायच्या

आराखड्याचं पहिलं पान म्हणजे भाषांतर. राजारामच्या फुटांचं आपल्या गावच्या खुणांत भाषांतर.

त्यासाठी पारावर बसून म्हाताऱ्यांना आणि दुधाच्या डेअरीवर येणाऱ्यांना विचारायचं : पहिल्यांदा पाणी कुठे लागतं? उत्तर गंमतशीर असतं, कारण ते नदीच्या बाजूचं नसतंच पुष्कळदा. ओढ्याने मागून पाणी शिरतं आणि गावाबाहेर पडायचा रस्ता घरांच्या कितीतरी आधी बुडतो. हे ज्याला माहीत नाही तो उंबऱ्याकडे बघत बसतो. उंबरा कोरडा आहे म्हणून निवांत असतो, आणि तोवर रस्त्यावरच्या मोरीपुलावर कंबरभर पाणी आलेलं असतं. गाव सोडायची वेळ ठरवायची ती रस्ता बुडण्यावरून. घर त्यानंतर बुडतं.

मावशीच्या गावात मग असं ठरलं : राजारामला इतके फूट झाले की ओढ्याचा मोरीपूल जातो. त्यानंतर तीन फुटांनी मारुतीच्या देवळाची खालची पायरी. त्यानंतर कुंभारगल्ली. सगळ्या खुणा २०१९ आणि २०२१ च्या आठवणींवरून काढल्या, मग पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात एका पोराने पायरीचा फोटो आणि त्या वेळचा राजारामचा आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. कृष्णेला जास्त पाणी असेल तेव्हा हिशेब चुकतो, म्हणून शेजारच्या रकान्यात सांगलीचा आकडा. विजेच्या खांबावर ऑइल पेंटने पट्टे मारले. हे काही शास्त्रीय पूरनकाशाच्या तोडीचं काम नाही. पण मावशीला समजतं.

यातून वेळेचा हिशेब मिळतो. पाणी तासाला दोन इंच चढत असेल तर ३९ वरून ४३ फुटांवर जायला २४ तास लागतील. तासाला चार इंच चढत असेल तर १२. मोरीपूल कुठल्या आकड्याला जातो हे माहीत असलं की हातात किती तास आहेत ते आठवीतलं पोरही सांगेल.

आणि प्रत्येक आकड्याला एक काम बांधायचं. पहिल्या आकड्याला गोठ्यांतली जनावरं हलवायची. दुसऱ्याला अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बाया आणि लहान मुलं. तिसऱ्याला उरलेलं गाव. तेव्हा बैठक घ्यायची नाही, तहसीलदारांच्या फोनची वाटही बघायची नाही. आकडा आला की काम सुरू.

यादीत कोण राहतं?

रेशन कार्डाची यादी आणि मतदार यादी घेऊन बसलात तर तीच माणसं सुटतील ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी कुठल्याच यादीत नसते. भाड्याने राहणारे कामगार नसतात. मळ्यात वस्ती करून राहणारी घरं गावात धरलीच जात नाहीत. आशाताईंना विचारा, कोणाचे दिवस भरत आलेत ते त्यांना तोंडपाठ असतं. कोण डायलिसिसला जातं, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, हेही लिहायचं. वीज गेली की त्यांचे तास वेगळे चालू होतात.

प्रत्येक नावापुढे दुसरं एक नाव हवं : यांना कोण उचलणार? 'तरुण मंडळ' असं लिहिलं की कोणीच येत नाही. अमक्या आजींना शेजारचा अमका, तो गावात नसेल तर त्याचा भाऊ. असं लिहिलं की माणूस येतो.

निरोपाचं तसंच. फोनवर सगळं सोपवू नका. पुरात वीज जाते, मग टॉवर जातो, मग हातातला फोन नुसता टॉर्च उरतो. तोवर फोन उपयोगी आहेच : राज्यातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका टोल-फ्री नंबरवर बोललेला निरोप त्याच आवाजात गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनांवर जातो. सरकारचे इशारे मोबाइलवर येतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण त्याच्या पाठीशी देवळाचा किंवा मशिदीचा बॅटरीवर चालणारा भोंगा हवा, आणि तोही गेला तर गल्लोगल्ली शिट्टी. किती शिट्ट्यांचा अर्थ काय, हे शाळेतल्या मुलांना शिकवा. ती घरी जाऊन सगळ्यांना शिकवतात, आणि विसरू देत नाहीत.

म्हशीचं काय?

शहरातले लोक टीव्हीसमोर बसून म्हणतात, "हे लोक घरं सोडत का नाहीत?" दावणीला दोन म्हशी आणि एक रेडी असेल तर तुम्ही तरी सोडाल का? दुधाची म्हैस म्हणजे घराचा महिन्याचा पगार. मालक एकटा मागे राहतो, मग त्याच्यासाठी बायको, मग बायकोसाठी मुलगा. एका म्हशीपायी अख्खं घर अडकतं. म्हणून वर जनावरं पहिल्या आकड्याला लिहिली आहेत. जनावरं गेली की माणसं निघायला फार आढेवेढे घेत नाहीत.

पण जनावर हलवणं म्हणजे नुसतं दावं सोडणं नव्हे. म्हैस ट्रॉलीत चढत नाही. खाली उसाचं पाचट टाकावं लागतं, नाहीतर पाय घसरतो आणि एकदा घसरलेली म्हैस पुन्हा चढायचं नाव घेत नाही. फळ्यांचा उतार करावा लागतो. ओळखीचा माणूस पुढे हवा, मागून काठी हाणणारा नको. अंधारात तर विषयच नाही. मावशीच्या गावातल्या रंगीत तालमीत एका गल्लीतली जनावरं हलवायला दोन तास धरले होते. लागले साडेचार. ते पुराच्या रात्री कळण्याऐवजी मे महिन्यात कळलं.

जनावरं न्यायची कुठे, वैरण कोणाची, धार कोण काढणार, दूध कुठे घालायचं, हे उंचावरच्या गावाशी आधी बोलून ठेवायचं. साखर कारखान्याचं आवार मिळालं तर उत्तम. २०१९ ला वाहतूक बंद पडली तेव्हा कोल्हापूरचं दूध मुंबई-पुण्याला जाईना आणि इथे ते ओतून द्यायची पाळी आली होती.

नाव आहे, पण

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. बाया आणि लहान मुलं होती त्यात. नाव गावाजवळ होती, चालवायला माणसं होती, पण तिच्यात मावतील त्याहून जास्त लोक चढले होते. त्या लोकांना दोष देववत नाही. पाणी चढतंय, ही नाव परत येईल की नाही माहीत नाही, अशा वेळी कोण मागे राहील?

म्हणून नावेचा नियम कोरडं असताना करायचा. किती माणसं, ते नावेवर मोठ्या अक्षरांत रंगवायचं. जॅकेट नसेल त्याने चढायचं नाही. चढणाऱ्यांचा क्रम यादीवरून, आणि धक्क्यावर एक असा माणूस उभा करायचा ज्याचं गाव ऐकतं. रिटायर्ड मिलिटरीवाला असेल तर सोन्याहून पिवळं. आमच्याकडे तशा माणसांची कमी नाही. आमच्या भागात लोक गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढईही पाण्यात घालतात. काहील तरंगते खरी, पण गोल असल्यामुळे गरगरते आणि एका बाजूला वजन आलं की उलटते. दुसरं काहीच नसेल तेव्हाची ती गोष्ट आहे, आणि तेव्हाही दोरी बांधूनच.

'पण हे काम सरकारचं नाही का?'

आहे. धरणांचा विसर्ग ठरवणं, पूररेषेतली बांधकामं रोखणं, बोटी घेणं, नुकसानभरपाई देणं हे सगळं सरकारचंच काम आहे, आणि आराखडा केला म्हणून त्यातलं काही माफ होत नाही. उलट तयार गाव जास्त नेमकं मागू शकतं. 'आम्हाला मदत द्या' असा अर्ज टेबलावर पडून राहतो. 'आमच्या ७० घरांना ओढ्यापलीकडे जायला हा मोरीपूल चार फूट उंच हवा, तो इतक्या आकड्याला बुडतो, ही पाहा तीन वर्षांची वही' असा ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

दोघांनी मिळून केलं की काय होतं ते ओडिशात दिसलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधी हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. निवारे सरकारने बांधले. पण म्हातारीला दार वाजवून निवाऱ्यात नेलं ते गावातल्याच माणसांनी.

'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पूर बघतोय'

हीच माणसं सर्वांत जास्त धोक्यात असतात, मावशीसकट. अनुभव खोटा नसतो, पण तो शेवटच्या पुराचा असतो. २००५ ला पाणी जिथे थांबलं तिथे ते देवाने आखून दिल्यासारखं थांबेल असं धरून २०१९ ला किती घरं माडीवर अडकली! अनुभवाची रेघ भिंतीवर जरूर ठेवा. तयारी मात्र तिच्या चार-पाच फूट वर धरून करा.

'आधीच हलवलं आणि पाणी आलंच नाही तर?'

तर घरी परत यायचं. आभाळ भरून आलं म्हणून गच्चीवरचं कुरडयांचं वाळवण आत घेतलं आणि पाऊस पडला नाही, तर सासूबाईंना कोणी वेड्यात काढत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतात. वाळवण भिजलं तर मात्र वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

तरी या आक्षेपात तथ्य आहे. तीनदा उगाच हलवलं तर चौथ्यांदा लोक उठत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांना एकदम न हलवणं. म्हणूनच पायऱ्या. सखल गल्लीतल्यांना आधी, उंचावरच्यांना नंतर. आणि जिथे न्यायचं ती जागा बरी हवी. शाळेच्या दोन खोल्यांत दीडशे माणसं आणि बायकांना संडासाला जायची सोय नाही, असा अनुभव आलेली बाई पुढच्या खेपेला पाण्यात उभी राहील पण तिथे येणार नाही. निवाऱ्याच्या यादीत मेणबत्त्यांच्या आधी संडास, पिण्याचं पाणी आणि आडोसा लिहा.

'आमच्या गावात दोन गट आहेत'

कुठल्या गावात नाहीत? दूध संस्थेच्या निवडणुकीत ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली ते एका समितीत बसणार नाहीत, हे धरूनच चाला. म्हणून काम गटांना वाटू नका, गल्ल्यांना वाटा. एका गल्लीत दोन्ही गटांची माणसं असतात आणि पाणी गल्लीत एकदमच शिरतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष ही पदं काढलीत की संपलं. प्रत्येक गल्लीला एक किल्लीवाला, एक ट्रॅक्टरवाला, एक यादीवाली. पद छोटं असलं की भांडण छोटं राहतं.

शहरातल्यांनी आणि डोंगरातल्यांनी

चौथ्या मजल्यावरच्यांना वाटतं आपला काय संबंध. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा कोल्हापूर शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच बुडाली आणि सगळीकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. तळघरात मीटर, पंप आणि जनरेटर असेल तर चौथा मजलाही पुरातच आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या भांडणानंतर दहा मिनिटं यावर घालवा : मीटर वर घेता येतील का, लिफ्ट कोणी आणि कधी बंद करायची, एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे.

दरडीच्या गावांना फुटांची पट्टी नसते, पण खुणा असतात. जमिनीला नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नव्या जागी फुटणं, झाडं-खांब कलणं, दारं चौकटीत अडकायला लागणं. यातली एक दिसली आणि पाऊस थांबत नसेल तर रात्र तिथे काढायची नाही. ते ठरवायचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवा. सरपंच मुंबईला गेलेले असतील तर?

सुरुवात कुठून?

मावशीच्या गावात ती शाळेच्या किल्लीपासून झाली. पहिल्या रंगीत तालमीत सगळं गाव ठरल्याप्रमाणे उंचावरच्या शाळेपाशी जमलं, ट्रॉल्या आल्या, दोन आजींना खुर्चीसकट उचलून आणलं, आणि शाळेला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई मेहुण्याच्या लग्नाला इचलकरंजीला. वीस मिनिटं सगळे उन्हात उभे. कोणीतरी म्हणालं, दगडाने फोडा. कोणी म्हणालं, पंचायत भरून देणार का? दोन्ही गट तिथेच जुंपले.

आता त्या कुलपाच्या तीन किल्ल्या आहेत, तीन गल्ल्यांत, खुंटीला टांगलेल्या. त्यातली एक मावशीच्या सोप्यात आहे, जिथे पूर्वी २००५ ची रेघ होती तिच्यापासून बरीच वर. खांबावरचे पट्टे मात्र यंदा पुन्हा रंगवायला हवेत. गाळाने खालचे दोन आकडे पुसले गेलेत.